सुनेच्या हातची तागडी

तुमच्या शाळेने तुम्हाला घराण्याचा तक्ता काढायला सांगितला आणि तुम्ही मला फोनवर विचारलंत, की आपले पूर्वज काय करत होते. मी "शेती" एवढंच सांगितलं. ते खोटं नाही, पण अर्धं आहे, आणि अर्धं उत्तर देऊन गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून उरलेलं लिहून पाठवते आहे.

बापाचा बाप, त्याचा बाप, असं वर चढत गेलात तर तुम्हाला गिरणा नदीच्या काठचे शेतकरी सापडतील, एकामागे एक, आणि तिथे तक्ता संपेल. पण आपल्या घरात पिकवायचं काम पुरुषांचं होतं आणि विकायचं बायकांचं. पाटी डोक्यावर घेऊन उजाडायच्या आत गावातून निघायचं, जळगावच्या बाजारात ठरलेल्या जागी तरट अंथरून बसायचं, पाटी रिकामी झाली की परत चालत यायचं. आपल्या घराण्यातला व्यापार तो हा. तो कोणकोणत्या बायकांनी चालवला हे शोधून काढायची वेळ माझ्यावर कॉलेजात असताना आली, आणि हौस म्हणून नव्हे. त्यावर माझ्या आत्याचं पोट अवलंबून होतं.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. आम्ही धुळ्याला राहत होतो. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, तिथे सरकारी कचेरीत होते. आपल्या घरातले पहिले शिकलेले ते. धुळ्यात कोणी विचारलं तर ते सांगत, "जळगावकडे आमची बागायत आहे." बागायत होती, विहिरीखालचा एक तुकडा. पण त्यांच्या आईने जन्मभर बाजारात बसून भरताची वांगी विकली आणि त्यावर त्यांना शिकवलं, हे ते सांगत नसत. त्यांना आईची लाज होती असं मी म्हणणार नाही. त्यांना बाजाराची लाज होती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पण बाहेरून पाहणाऱ्याला त्या सारख्याच दिसतात.

आजी गेल्यावर तिच्या जागेवर आत्या बसू लागली. आत्याला आम्ही खानदेशात फुई म्हणतो. फुई नानांपेक्षा मोठी. लग्नानंतर थोड्याच काळात नवरा गेला, मूल नव्हतं, म्हणून ती माहेरी परत आली आणि आईबरोबर शेतात राबली. तो विहिरीखालचा तुकडा तीच बघत असे. उंच, काटक, बोलायला फटकळ. नाना दर महिन्याला मनीऑर्डर करू म्हणाले तेव्हा तिने सांगितलं होतं, की माझे हात चालतात तोवर भावाच्या दारात मी पाहुणी म्हणून येईन, अन्नासाठी येणार नाही. नानांनी पुन्हा विषय काढला नाही.

मग जळगावच्या त्या बाजारात नगरपालिकेने पक्के ओटे बांधायचं ठरवलं. चिखलात बसणाऱ्या बायकांना दगडी ओटा आणि वर पत्रा मिळणार, म्हणून आनंद झाला. पण ओटे कमी आणि बसणाऱ्या जास्त. तेव्हा असं ठरलं, की ज्या घराची त्या जागेवर आजे-पणज्यांपासून वहिवाट आहे त्या घराला आधी ओटा. कागद कोणाकडेच नव्हता, म्हणून जागेच्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी बाजार-कारकुनापुढे येऊन तसं सांगायचं. ज्यांना ओटा मिळणार नाही त्यांनी रस्त्याच्या पलीकडे, मोकळ्या मैदानात बसायचं. तिथे गिऱ्हाईक फिरकत नसे.

फुईने गावातल्या एका माणसाकडून धुळ्याला निरोप पाठवला, की भावाने यावं आणि कारकुनापुढे उभं राहावं. नाना म्हणाले, रजा नाही. रजा होती. दिवाळीची सुट्टी होती आणि ते घरी बसून वर्तमानपत्र वाचत होते. आईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग ते मला म्हणाले, "तू जा. तू शिकलेली आहेस, नीट बोलशील."

मी गेले. पारोळा, एरंडोल करत एस.टी.ने जळगावला उतरले ते मनात सगळी योजना करूनच. आधी घराण्याची वंशावळ मांडायची, मग प्रत्येक पिढीच्या पुरुषाला ओळखणारा एकेक वृद्ध माणूस शोधायचा, आणि त्यांना कारकुनापुढे न्यायचं. इतिहासाच्या तासाला आम्ही राजघराण्यांच्या वंशावळी याच पद्धतीने पाठ करत होतो. फुईकडून नावं घेतली आणि दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन विचारू लागले. माझ्या आजोबांचं नाव सांगितलं, पणजोबांचं सांगितलं, वरचंही सांगितलं. कोणालाच माहीत नाही. लसूण विकणाऱ्या एका आबांनी बराच विचार करून मला विचारलं, की हे सगळे गृहस्थ बाजारात येत होते का? मी म्हटलं, नाही, ते शेतात असत. तर ते म्हणाले, "मग शेतात जाऊन इचार."

आसपासच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले, कारण त्यांचं बरोबर होतं. मी बाजारात उभी राहून बाजारात न आलेल्या माणसांचा पत्ता विचारत होते.

त्या संध्याकाळी मी फुईला विचारलं, की आजीच्या आधी जागेवर कोण बसत असे. फुई म्हणाली, आजीची सासू. तिला लोक मेथीवाली म्हणायचे. तिच्या आधी कोण, ते फुईला ठाऊक नव्हतं. पण मेथीवालीचं माहेर फैजपूरजवळचं, आणि तिची एक भाची तिकडे अजून आहे, असं तिने ऐकलं होतं. मी दुसऱ्या दिवशी भुसावळपर्यंत रेल्वेने आणि तिथून बसने तापी ओलांडून फैजपूरला गेले.

भाची म्हणजे माझ्या आजीच्या वयाचीच बाई निघाली. केळीच्या बागेला लागून घर, अंगणात केळीची पानं पसरून त्यावर डाळ वाळत घातलेली. मी कोण ते सांगितल्यावर तिने मला आत नेलं नाही, आधी उजेडात उभं करून तोंड पाहिलं आणि म्हणाली, नाक त्यांचंच आहे. मग जेवायला वाढलं आणि जेवता जेवता सांगितलं. तिची आत्या लग्न होऊन गिरणेकाठी गेली तेव्हा जाताना इथल्या भरताच्या वांग्यांचं बी पदराला बांधून नेलं होतं. पण सासरी मेथीच पेरत होते, म्हणून तिने जन्मभर मेथी विकली. ते बी तिने मडक्यात राखेत घालून जपलं, दरवर्षी परसात दोन-चार झाडं लावून नवं धरलं, आणि सून आली तेव्हा सुनेला दिलं. त्या सुनेने, म्हणजे माझ्या आजीने, मेथी बंद करून वांगी लावली आणि बाजारात तिची वांगी नावाजली. आणि त्या मेथीवालीची सासू? ती बोरं आणि पेरू विकायची, भाचीने सांगितलं. लग्नात तिने आपल्या नव्या सुनेच्या माहेरच्यांना टोपलीभर पेरू पाठवले होते आणि ते सगळे किडके निघाले होते. एवढ्या काळानंतरही भाचीचा त्या पेरूंवरचा राग गेला नव्हता.

तर हा आपल्या घराण्याचा खरा तक्ता. बोरंपेरूवाली, तिची सून मेथीवाली, तिची सून वांगीवाली. एकीचंही रक्त दुसरीच्या अंगात नव्हतं. तिघी तीन गावांहून आल्या आणि एका तरटावर बसल्या.

मी परत आले ती काम झालं अशा समजुतीने. दोन शेजाऱ्यांपैकी एक ते लसूणवाले आबा. मेथीवाली म्हटल्यावर त्यांना लगेच आठवलं, आणि तिच्या सासूबद्दलही त्यांनी आपल्या आईकडून ऐकलं होतं. पुरुषांची नावं विचारत बसले नसते तर फैजपूरला न जाताही हे कळलं असतं. पण गेले याचं मला वाईट वाटलं नाही. दुसरी शेजारीण एक कांदेवाली होती. साठीची, कपाळावर गोंदण, तोंडात तंबाखूची मशेरी. आजीच्या बरोबरीने तिने आयुष्य काढलं होतं. मी तिला सगळं ओळीने सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"बठ्ठं खरं शे," तिने सगळं मान्य केलं. "पन जागा सासू सूनले देस. लेकले नही."

मला वाटलं, मला समजण्यात चूक होते आहे. फुईकडे पाहिलं तर ती खाली मान घालून वांगी पुसत होती. तिला ठाऊक होतं. मग कांदेवालीने मला बाजाराची रीत समजावली. लेक लग्न होऊन दुसऱ्या घरची होते, म्हणून जागा तिच्याकडे जात नाही. सासू थकली की ती सुनेला बाजारात आणते, दोन्हीकडच्या शेजाऱ्यांसमोर तिच्या हातात तागडी देते, सून त्या तागडीने पहिलं गिऱ्हाईक करते, आणि तेव्हापासून जागा तिची. सून आली नाही तर जागा उजव्या हाताच्या शेजारणीला. आजीच्या जागेची उजवीकडची शेजारीण ती स्वतःच होती, आणि तिला दोन सुना होत्या. एकीला बसायला जागा नव्हती. आजी गेल्यावर इतकी वर्षं तिने फुईला बसू दिलं ते मैत्रिणीची लेक म्हणून, माणुसकीने. पण पक्का ओटा म्हणजे वेगळी गोष्ट. कारकुनापुढे ती खोटं सांगणार नव्हती, आणि खरं सांगितलं तर ओटा तिच्या धाकट्या सुनेला जाणार होता.

मला ती लबाड वाटली नाही. तिचंही घर होतं. मी तिला एवढंच विचारलं, की माझ्या आजीला सून आहे, ती आली तर?

ती माझ्याकडे पाहून हसली. "धुयानी सायबीन? ती बशी का आठे?" मग हसू पुसून तिने सरळ सांगितलं, "सूनले लई ये. तिनी तागडी धरी का मी सोता कारकूनले सांगसू." म्हणजे सुनेला घेऊन ये, तिने तागडी धरली की मी स्वतः कारकुनाला सांगेन.

ती धुळ्याची साहेबीण म्हणजे माझी आई. आई पारोळ्याच्या एका मास्तरांची मुलगी. माहेरी पुस्तकं, सासरी सरकारी नोकरी. भाजी तिने विकत घेतली होती, विकली कधीच नव्हती. आजीने तिला बाजारात का नेलं नाही, तेही मला आता समजलं. नानांनी नेऊ दिलं नव्हतं. म्हणजे फुईची जागा जात होती ती कांदेवालीमुळे नव्हे. नानांच्या लाजेमुळे साखळीचा एक दुवा जोडायचा राहून गेला होता.

मी धुळ्याला येऊन दोघांसमोर सगळं सांगितलं. नानांनी वर्तमानपत्राची घडी केली, पुन्हा उघडली. मग म्हणाले, की आपल्या समाजातली सगळी माणसं त्या बाजारात येतात, उद्या मुलीचं लग्न करायचं आहे, लोक काय म्हणतील. मुलगी म्हणजे मी, आणि मी समोरच उभी होते, म्हणून मीच उत्तर दिलं, की ज्यांना सासूच्या जागेवर बसलेली बाई चालत नाही त्यांच्या घरी मला जायचं नाही. नाना म्हणाले, "तू मध्ये बोलू नकोस."

आई इतका वेळ दिव्याची काच पुसत होती. ती काच खाली ठेवून म्हणाली, "मी तिला बोलू नको म्हणत नाही, कारण ती बरोबर बोलते आहे. अहो, सासूबाईंनी मला दागिने दिले ते मी घेतले. नातवंडांसाठी तूप पाठवायच्या, ते घेतलं. एक जागाच तेवढी घ्यायची राहिली. ती घेऊन अक्कांना देऊन येते." आई फुईला अक्का म्हणत असे.

नाना म्हणाले, "तुला तागडी धरता येते का?"

"शिकेन," आई म्हणाली. "तुम्हाला तरी कचेरीतलं पहिल्या दिवशी कुठे येत होतं?"

नाना आमच्याबरोबर आले नाहीत. पण पहाटे बसस्टँडपर्यंत आले आणि आईला खिडकीची जागा मिळवून दिली.

बाजारात आई बसली तो देखावा मी कधी विसरणार नाही. तिने मुद्दाम साधं लुगडं नेसलं होतं, तरी ते कडक इस्त्रीचं. तरटावर कसं बसावं ते कळेना, म्हणून देवपूजेला बसल्यासारखी मांडी घातली. फुईने वांगी समोर लावली, हिरवी, पांढऱ्या रेघांची, एकेक वीतभर. तागडी सासूने द्यायची, आणि सासू तर नव्हती. थोडी चर्चा झाली. शेवटी कांदेवालीच उठली, तागडी उचलून आपल्या कपाळाला लावली आणि मेलेल्या मैत्रिणीच्या वतीने आईच्या हातात दिली. आबांनी गिऱ्हाइकाला बोलवायचं थांबवून पाहिलं. सगळी ओळ पाहत होती.

पहिलं गिऱ्हाईक एक तरुण बाई आली. तिने भाव विचारला. आईने सांगितला. बाईने निम्मा सांगितला. आईला भाव करता येत नसेल असं मला वाटलं होतं. मी विसरले होते, की धुळ्याच्या भाजीवाल्या तिला किती वचकून असत. तिने त्या बाईला विचारलं, "तुम्ही हे भाजलं की यातून पाण्याचा थेंब तरी सुटतो का ते आधी सांगा. मग भाव करू." बाईने एक वांगं उचलून दाबून पाहिलं. आईने वजन केलं, तागडी जरा डगमगली, पण सौदा झाला. बोहणी झाली. कांदेवाली मोठ्याने म्हणाली, की सून बसली, आणि ओळीतल्या बायकांनी माना डोलावल्या.

रीतीप्रमाणे इथे आईचं काम संपलं होतं. आता ठरल्याप्रमाणे तिने तागडी फुईला द्यायची आणि उठायचं. पण आई उठेना. दुसरं गिऱ्हाईक आलं, तिसरं आलं. आईने मांडी सोडून एक गुडघा वर घेतला, इतर बायकांसारखा. पदर खोचला. एका म्हाताऱ्याला तिने परत बोलावून वांगी घ्यायला लावली. एका मारवाडी बाईंना भरताला कोणती आणि भाजीला कोणती ते समजावून सांगितलं. फुई शेजारी ताटकळत उभी होती. तिच्या तोंडावर आधी कौतुक होतं, मग काळजी आली. शेवटी तिला राहवलं नाही.

"वैनी, ऊठ आते. ऊन चढनं."

"ही टोपली होऊ द्या, अक्का."

कांदेवाली पोट धरून हसली. तिने फुईला सांगितलं, की सून आणायला निघाली होतीस ना, आता ही सून उठणार नाही, तूच धुळ्याला जाऊन तिच्या नवऱ्यासाठी पोळ्या लाट. फुईही हसली, पण हसताना तिचे डोळे तागडीवरच होते. आईने ते पाहिलं. समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, जरा थांबा, आणि उठली. तागडी दोन्ही हातांत धरून तिने फुईपुढे केली.

"वहिनी नणंदेला देते, असं आधी कोणी दिलंय का मला माहीत नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पण जागा माझी आहे, म्हणून मी देते. कोणाचं म्हणणं असेल तर आताच सांगा."

आबांनी खोकून घसा साफ केला. मग कांदेवाली म्हणाली, "दे. तुनी जागा शे, तू दे."

त्याच दुपारी ती आणि आबा कारकुनाकडे गेले. मीही बरोबर गेले. बोरंपेरूवालीपासून माझ्या आईपर्यंत आणि आईकडून फुईकडे, असं कांदेवालीने एका दमात सांगितलं, आणि त्यात तिने स्वतःच्या सुनेचा उल्लेखही केला नाही. कारकुनाने दोघांचे अंगठे घेतले. ओटे उन्हाळ्याच्या आधी बांधून झाले आणि फुईला तिच्याच जागी, कोपऱ्यावरचा मिळाला. कांदेवालीच्या धाकट्या सुनेला वर्षभर मैदानात बसावं लागलं. नंतर फुईने तिला आपल्या ओट्याच्या अर्ध्या भागात बोलावून घेतलं. ते कोणत्याही रीतीत नव्हतं. फुईने विचारलंही नाही कोणाला.

पण त्या दिवशी निघताना आईला वांगी न्यायची होती. फुई म्हणाली, घरची आहेत, अशीच ने. आई म्हणाली, नाही, आजपासून ही तुमची जागा आहे, तोलून द्या. आणि भाव केला. माझ्या आईने स्वतःच्या नणंदेशी, तिच्या ओळीतल्या सगळ्यांसमोर, असा घासून भाव केला की फुईला घाम आला. फुई एक दमडी हटली नाही. शेवटी आईने पिशवी पुढे केली.

आम्ही अंधार पडता पडता धुळ्याला पोचलो. नाना दारातच होते. त्यांनी विचारलं, झालं का. आई म्हणाली, झालं, जागा अक्कांची झाली. मग पिशवी त्यांच्या हातात देत म्हणाली, "पण तुमच्या बहिणीने दोन शेर म्हणून कमी तोललंय, मला वाटतं."

नानांनी पिशवी हातात धरली. नुसती धरली, जराशी वर-खाली केली, डोळे मिटल्यासारखे झाले. आईशेजारचं तरट सोडून कचेरीत जाऊन त्यांना किती वर्षं झाली होती.

"पुरतं आहे," ते म्हणाले. "वर एक वांगं जास्तच घातलंय तिने."

आणि पिशवी घेऊन ते स्वयंपाकघरात गेले.